रस्त्यावरचं मीठ आणि वाफ्यातला पालक

प्रश्न : आमची लेक टोरांटोला असते. हिवाळ्यात तिकडे रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात. दारासमोरचा तो बर्फ ती फावड्याने कडेच्या वाफ्यात लोटते आणि उन्हाळ्यात तिथेच मेथी-पालक लावायचं म्हणते. जावई सांगतात, मीठ काय, पाण्याबरोबर वाहून जातं. तिची शेजारीण म्हणते, त्याने मातीतलं शिसं सुटतं. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, शेजारणीचं ऐका. मीठ वाहून जातं हे खरं, पण जाताना एकटं जात नाही.

हे मीठ म्हणजे भांडुप-मुलुंडच्या मिठागरांत पिकायचं तेच, सोडियम क्लोराइड. शिसं त्यात नाही, ते मातीत आहे, जुन्या पेट्रोलच्या धुरातून आलेलं. कॅनडात गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९० मध्ये बंद झालं, आपल्याकडे २००० मध्ये. पण शिसं कुजत नाही, रस्त्याकडेच्या वरच्या थरात ठाण मांडून बसतं. जोडीला टायरच्या झिजेतलं जस्त, ब्रेकमधलं तांबं, थोडं कॅडमियम, शिशासारखाच विषारी धातू. ही मंडळी मातीच्या कणांना चिकटलेली असतात, म्हणून एरवी फारसा त्रास देत नाहीत.

मिठातला क्लोराइड कॅडमियमला धरतो आणि पाण्यात विरघळलेला ठेवतो. असं कॅडमियम मुळांना सहज मिळतं. सोडियमची तऱ्हा वेगळी. तो मातीतल्या कॅल्शियमला हुसकावतो आणि चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे होतात. मृदा-प्रयोगशाळेत असताना नव्या मुलांना मी हे बरणीत दाखवायचो. चिकणमाती मिठाच्या पाण्यात घुसळली की लवकर खाली बसते, वर पाणी नितळ. ते ओतून देऊन दोन-तीनदा पावसाच्या पाण्याने घुसळा, मग गढूळपणा बसता बसत नाही. शिसं बरंचसं या गढूळ कणांवर स्वार होऊनच वाहतं. त्यामुळे जपायचं ते बर्फ वितळून गोडं पाणी मातीत मुरतं तेव्हा, मीठ पडतं तेव्हा नव्हे.

लेकीला सांगा, रस्त्याचा बर्फ वाफ्यात लोटू नकोस. भाजी घराच्या मागच्या बाजूला, उंच चौकटीत विकतची स्वच्छ माती भरून लाव. पालक तर कॅडमियम पानांत साठवण्यात पटाईत. रस्त्याकडेला फुलझाडं लावा, ती कुणी खात नाही.

आता तुमच्याकडे वळतो, विचारलं नसलंत तरी. ऐरोली-घणसोलीत बर्फ पडत नाही, पण खाडीलगतच्या बोअरचं पाणी मचूळ असतं, आणि क्लोराइड पाण्यातून आला काय, मिठातून आला काय, त्याचं काम तेच. १९९० च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियात खारट पाण्यावर पिकलेल्या बटाट्यांत कॅडमियम जास्त सापडलं, मातीतल्या क्लोराइडच्या प्रमाणात. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेची माती कुंड्यांत भरून वर बोअरचं पाणी घालणारे मला ठाऊक आहेत. पालेभाजीला तरी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घाला, आणि माती रस्त्याकडेची नको.

दुकानदार जिप्सम देईल. त्यातल्या कॅल्शियमने सोडियम हटतो, माती पुन्हा भुसभुशीत होते. शिसं मात्र जिप्समने जात नाही, दुकानदार काहीही म्हणो.