निकाल लागला, लावला, दिला की फिरवला?

प्रश्न असा आहे. अमेरिकेतल्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या एका लेखात 'सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीचा निकाल लावला, पण तो आजही अनेकांना अमान्य आहे' असे वाक्य आहे. ते वाचून दोन आक्षेप आले. पहिला, 'निकाल लावणे' म्हणजे संपवून टाकणे, म्हणून 'निर्णय दिला' असे हवे. दुसरा, 'निकाल' हा मतमोजणीचा की न्यायालयाचा, हे कळत नाही.

दुसरा आक्षेप पूर्ण रास्त आहे, पहिला अर्धाच. आणि ज्या शब्दावर कोणी बोट ठेवले नाही, तो 'अमान्य', या वाक्यात सर्वांत जास्त घोटाळा करतो.

आधी 'निकाल'. मराठीत परीक्षेचा, निवडणुकीचा आणि खटल्याचा निकालच असतो. कोणता ते बहुतेक वेळा क्रियापद सांगते. मतमोजणीचा निकाल लागतो, अधिकारी तो जाहीर करतो, न्यायालय निकाल देते. 'लावणे' इथे वेगळे आहे: रेंगाळलेली गोष्ट कोणीतरी शेवटाला नेली, असा त्याचा भाव. 'तंट्याचा निकाल लावला', 'दाव्याचा निकाल लावला' यांत वावगे काही नाही. कर्म माणूस असला की मात्र 'त्याचा निकाल लावला' याचा अर्थ 'त्याला संपवले' असा होतो. निवडणूक हा काही तंटा नव्हे, त्यामुळे 'निवडणुकीचा निकाल लावला' हे वाचणाऱ्याच्या कानाला दुसऱ्या अर्थाकडे ओढते. 'निवडणुकीच्या वादाचा निकाल लावला' असे लिहिले की 'लावला' ठेवूनही वाक्य सरळ होते.

'निर्णय' हा सुचवलेला पर्याय फिका आहे. निर्णय सरकार घेते, कंपनी घेते, घरातला माणूस घेतो. न्यायालयाच्या संदर्भात 'निर्णय दिला' चूक नाही, पण शासकीय परिभाषेत त्यासाठी 'न्यायनिर्णय' हा नेमका शब्द आहे आणि दिवाणी दाव्यात त्यातून निघतो तो 'हुकूमनामा'. 'निवाडा' सरकारी कागदांत भूसंपादनाचा किंवा लवादाचा असतो. बोलीत मात्र निवाडा म्हणजे खरे-खोटे वेगळे करून सांगणे. 'निवडणूक' आणि 'निवाडा' दोन्ही 'निवडणे'च्या कुळातले. याच कारणासाठी या प्रकरणात 'निवाडा' वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. कोणाला जास्त मते पडली हे न्यायालयाने ठरवलेच नाही. त्याने मोजणी थांबवली. कुस्तीच्या भाषेत, लोकांना निकाली कुस्ती पाहायची होती आणि ती वेळ संपल्याचे सांगून सोडवली गेली.

हे पटायला घटनाक्रम शब्द सांभाळून लिहून पाहावा लागतो. मतदान ७ नोव्हेंबर २००० रोजी झाले. रिपब्लिकन जॉर्ज बुश की डेमोक्रॅट अल् गोर, हे फ्लॉरिडा राज्याच्या २५ निर्वाचक मतांवर येऊन ठेपले (अध्यक्ष निवडायला प्रत्येक राज्य जे प्रतिनिधी ठरवते ते निर्वाचक). तिथे पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्याने राज्याच्या कायद्याप्रमाणे यंत्राने फेरमोजणी झाली. (फेरमोजणी म्हणजे त्याच मतपत्रिका पुन्हा मोजणे. लोकांनी पुन्हा मत देणे ते फेरमतदान. या प्रकरणावरच्या मराठी लिखाणात या दोहोंची सरमिसळ वारंवार दिसते. फेरमतदान फ्लॉरिडात कधीच झाले नाही.) गोर यांनी चार काउंट्यांत (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा भाग) हाताने फेरमोजणी मागितली: पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होलुशिया. २६ नोव्हेंबरला राज्याने बुश यांची ५३७ मतांची आघाडी प्रमाणित केली. इथे 'प्रमाणित' हाच शब्द हवा. 'अंतिम' लिहिले तर पुढचा सगळा खटला अनाकलनीय होतो, कारण प्रमाणित निकालाला आव्हान देता येते आणि ते दिले गेले.

८ डिसेंबरला फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने राज्यभरातल्या, यंत्राला मत न सापडलेल्या मतपत्रिका हाताने तपासण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पाच विरुद्ध चार. स्थगिती ही तात्पुरती असते, म्हणून ९ तारखेबद्दल 'फेरमोजणी रद्द' लिहिणे चूक. फेरमोजणी संपली ती १२ डिसेंबरच्या रात्री आलेल्या निकालाने.

'यंत्राला मत न सापडलेल्या मतपत्रिका' हे लांबलचक वाटते, पण याला 'बाद मते' म्हणू नका. बाद मत तपासून नाकारलेले असते. या मतपत्रिकांकडे माणसाने पाहिलेच नव्हते, आणि भांडण नेमके त्यावर होते. फ्लॉरिडाच्या अनेक काउंट्यांत मतदाराने सुईसारख्या टोकाने कागदाला भोक पाडायचे असे. भोक पडताना सुटणारी कागदाची टिकली कधी एका कोपऱ्याला लोंबत राही, कधी नुसती दबली जाई, आणि यंत्र ते मत वाचत नसे. फ्लॉरिडाच्या कायद्याची कसोटी मतदाराचा उद्देश स्पष्ट दिसावा एवढीच होती. (इथे 'मतदाराचा कल' लिहू नये, 'कल' म्हटले की मोजणीच्या दिवशीची आघाडी-पिछाडीच डोळ्यांपुढे येते.) दबलेली टिकली म्हणजे मत की नाही, याचे उत्तर काउंटीगणिक बदलत होते, आणि पाम बीचमध्ये तर मोजणी चालू असताना नियम बदलले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने दोष दाखवला तो इथे: सारख्याच मतपत्रिकांना वेगवेगळे निकष लावल्याने 'कायद्याचे समान संरक्षण' मिळत नाही. भारतीय संविधानाच्या मराठी पाठातल्या अनुच्छेद १४ मध्ये हाच शब्दप्रयोग आहे, तेव्हा नवा घडवायची गरज नाही.

आता निकालातली मते मोजताना दक्षता हवी. निकालाचे समर्थक म्हणतात तो सात विरुद्ध दोन होता. टीकाकार म्हणतात पाच विरुद्ध चार. दोघेही खोटे बोलत नाहीत, ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. निकषांच्या विसंगतीत घटनात्मक अडचण आहे, हे सात न्यायमूर्तींनी मानले. पण मग काय करायचे? एकसमान निकष ठरवून मोजणी चालू ठेवण्यासाठी प्रकरण परत पाठवावे, असे त्या सातांपैकी सूटर आणि ब्रायर यांचे मत होते. उरलेल्या पाचांनी वेळ उरलेला नाही असे ठरवले. मोजणी कायमची थांबली ती या पाचांमुळे. म्हणून नुसते 'पाच विरुद्ध चार' किंवा 'सात विरुद्ध दोन' लिहून थांबू नये, कोणत्या मुद्द्यावर ते लिहावे.

'मुदत संपली' हेही असेच फसवे. १२ डिसेंबर ही काही मतमोजणीची शेवटची तारीख नव्हती. राज्याने तोवर वाद मिटवले तर काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) त्या राज्याचे निर्वाचक निर्णायक धरावेत, अशी ती तारीख होती. निर्वाचकांचे मतदान १८ डिसेंबरला होते. फ्लॉरिडाला या संरक्षणाचा लाभ घ्यायचाच आहे, असा अर्थ पाच न्यायमूर्तींनी राज्याच्या कायद्यातून काढला. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्तींच्या मते तो पर्याय होता, बंधन नव्हते. मराठीत 'मुदत संपली' म्हटले की बंधनच गृहीत धरले जाते आणि लेखक नकळत एका बाजूला जाऊन उभा राहतो. 'संरक्षण देणारी मुदत' असे दोन शब्द जास्त खर्चावेत.

'निकाल फिरवला' हा आणखी एक सापळा. वरचे न्यायालय खालच्या न्यायालयाचा निकाल फिरवते. इथे फिरवला गेला तो फ्लॉरिडाच्या न्यायालयाचा. मतमोजणीचा प्रमाणित निकाल होता तसाच राहिला. 'न्यायालयाने निवडणुकीचा निकाल फिरवला' असे लिहिले तर गोर जिंकले होते आणि ते न्यायालयाने उलटवले, असा अर्थ होतो. घडले तसे नाही. तुलनेला १२ जून १९७५ चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल पाहा. तिथे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीतली १९७१ ची निवड गैरप्रकारांच्या कारणावरून रद्दबातल ठरवली. त्याला 'निवड रद्दबातल ठरवली' हेच क्रियापद. मग ७ नोव्हेंबर १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि तिथे 'फिरवला' अगदी चपखल बसते.

टीकाकारांच्या एका इंग्रजी घोषणेचा मराठी अनुवादही नेहमी घसरतो. तिचा आशय असा की बुश यांना लोकांनी नव्हे, न्यायालयाने अध्यक्ष केले. मराठीत 'निवडणे' हे दोन्ही अर्थांना पुरून उरते, म्हणून 'निवडून आले नाहीत, निवडले गेले' यात काहीच धार येत नाही. 'निवडून आले नाहीत, नेमले गेले' असे केले तर घोषणेचा रोख कळतो. अर्थात ती घोषणा आहे हे अवतरणचिन्हांतून दिसले पाहिजे.

उरला 'अमान्य'. मराठीजवळ इथे फार चांगली सोय आहे आणि ती आपण वाया घालवतो. निकाल मानणे वेगळे, निकाल पटणे वेगळे. मानतो आपण, कर्ते म्हणून. पटते मात्र आपल्याला, ते आपल्या हाती नसते. गोर १३ डिसेंबरच्या भाषणात म्हणाले की न्यायालयाच्या निकालाशी आपण तीव्र असहमत आहोत, तरी तो स्वीकारतो. मराठीत हे चार शब्दांत बसते: पटला नाही, पण मानला. 'अमान्य' लिहिले की दोन्ही अर्थ एकत्र कालवले जातात आणि निकाल धुडकावला असे वाटते. आजवर जो वाद चालू आहे तो निकाल न पटल्याचा आहे. निकालाचे पालन तेव्हाच झाले.

तो का पटत नाही, याची कारणे लेखात यायला हवीत, नाहीतर शब्द नीट असूनही वाक्य पोकळ राहील. आपला विचार सध्याच्या परिस्थितीपुरता मर्यादित आहे, असे निकालातच म्हटले होते. पायंडा पडू नये अशी ही तजवीज अनेक कायदेतज्ज्ञांना खटकली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमतात लिहिले की या निवडणुकीत कोण जिंकले हे कदाचित कधीच खात्रीने कळणार नाही, पण हरले कोण ते स्पष्ट आहे: न्यायाधीशांच्या निःपक्षपातीपणावरचा देशाचा विश्वास. बहुमतातल्या पाचांपैकी सँड्रा डे ओकॉनर यांनीही २०१३ मध्ये हे प्रकरण कदाचित हाती घ्यायलाच नको होते, असे बोलून दाखवले.

समर्थकांचीही बाजू भक्कम आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये प्रमुख वृत्तपत्रे आणि माध्यमांच्या गटाने सुमारे १ लाख ७५ हजार मतपत्रिकांची तपासणी प्रसिद्ध केली. फ्लॉरिडाच्या न्यायालयाने सांगितलेली किंवा गोर यांनी चार काउंट्यांत मागितलेली मोजणी पूर्ण झाली असती तरी बुशच थोडक्याने पुढे राहिले असते, असे त्यात दिसले. मात्र एकापेक्षा जास्त उमेदवारांना मत नोंदल्याने बाजूला पडलेल्या मतपत्रिकांसह राज्यभरातल्या सगळ्या तपासल्या असत्या, तर गोर अगदी थोड्या मतांनी पुढे आले असते. म्हणजे दोन्ही पक्षांच्या हाती आपापला आकडा आहे. या कामाला 'फेरमोजणी' न म्हणता 'पडताळणी' म्हणावे. फेरमोजणीला कायद्याचे बळ असते, याला नव्हते.

हे सगळे जमेस धरून मूळ वाक्य असे करता येईल: 'सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने फेरमोजणी पुढे चालू ठेवण्यास नकार दिला आणि बुश यांची प्रमाणित झालेली ५३७ मतांची आघाडी कायम राहिली. हा निकाल गोर यांनी मानला, पण अमेरिकेतल्या अनेकांना तो अजून पटलेला नाही.' एकाच वाक्यात हवे असेल तर 'निवडणुकीच्या वादाचा सर्वोच्च न्यायालयाने निकाल लावला, तो अनेकांना आजही पटलेला नाही' हे चालेल. मथळ्यात जागा कमी असली तरी 'अमान्य'ऐवजी 'न पटलेला निकाल' बसतो.