घरी बनवलेले साबण आणि सेंटेड कॅन्डल दिवाळीत विकायचेत, लायसन्स लागतं का?

साबणाला लागतं. साबण, लिप बाम, बॉडी बटर हे सगळं कायद्याने कॉस्मेटिकमध्ये येतं, त्यामुळे घरच्या ओट्यावर बनवून विकलं तरी कॉस्मेटिक्स रूल्स २०२० लागू होतात आणि महाराष्ट्रात त्याचं लायसन्स एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं. नुसतं 'हँडमेड, केमिकल फ्री' लिहून सुटका नाही, आणि कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीशिवाय तर साबण बनतच नाही, तेव्हा असलं लेबल प्लीज लावू नका, लोक विश्वासाने अंगाला लावतात हो.

मेणबत्तीला हे कॉस्मेटिकचं लायसन्स नाही लागत, म्हणून या दिवाळीला माझ्या मते फक्त कॅन्डलच करा. सोया वॅक्स (सोयाबीनच्या तेलाचं मेण) घेतलंत तर किलोला ६०-८० ग्रॅम फ्रॅग्रन्स ऑइल भरपूर झालं, जास्त ओतलं की वर तेल सुटतं. खरी मेहनत वातीची आहे. वात बारीक असली की मधोमध खड्डा पडून कडेचं मेण तसंच राहतं, जाड असली की काजळी धरते आणि ग्लास हात लावता येणार नाही इतका तापतो. प्रत्येक साइजच्या ग्लासात एक तरी मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून बघा, मगच ऑर्डर घ्या. आणि ओतल्यावर आठवडाभर तरी ठेवा, वास छान मुरतो.