आधी ३-४-५ चा त्रिकोण काढ

ठाणे-वाशी लोकलमध्ये त्रिकोणमितीचे व्हिडिओ बघतोस, बघ. पण नित्य समानता, म्हणजे कोन कोणताही असला तरी खरी ठरणारी समीकरणं, हाताने सोडवल्याशिवाय येत नाहीत. खान अकॅडमीचे ऑनलाइन धडे फुकट आहेत आणि चांगलेही. घरी तोच धडा पुन्हा लाव, उत्तर यायच्या आत थांबव आणि वहीत ३-४-५ चा काटकोन त्रिकोण काढ. ३ समोरच्या कोनाचा साइन (समोरची बाजू भागिले कर्ण) ३/५, कोसाइन (लगतची बाजू भागिले कर्ण) ४/५. वर्गांची बेरीज कर: ९/२५ अधिक १६/२५, बरोबर १. अरे, हा पायथागोरसच! साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर १, ही पहिली समानता. यालाच कोसाइनच्या वर्गाने भागलंस की टॅन-सेकची समानता, साइनच्या वर्गाने भागलंस की कॉट-कोसेकची. तिन्ही घोकायची गरजच नाही. सिद्ध करताना समीकरणाची अवघड बाजू धर, सगळं साइन-कोसाइनमध्ये आण. अडलास तर रविवारी वही घेऊन ये.