फ्लेमिंगो मोजण्याआधी

अनेक आशीर्वाद.

इकॉलॉजी शिकायची तर सह्याद्रीत कुठेतरी जाऊन राहावं का, असं विचारलंयस. जा की, पण घाई कशाला? राहतोस मुलुंडला. ठाण्याची खाडी तुझ्या दारात आहे आणि तू तिच्याकडे ऐरोलीच्या पुलावरून, बसच्या खिडकीतून बघतोस. तिथूनच सुरुवात कर.

हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की सगळे कॅमेरे घेऊन धावतात. तू दुर्बीण ने आणि चोची बघ. दोन जाती असतात. लहान फ्लेमिंगोची चोच गडद, आतली गाळणी फार बारीक. तो पाण्यातलं नीलहरित शेवाळ आणि डायटम (सूक्ष्म एकपेशी शेवाळ) गाळून खातो. मोठ्याची चोच फिकट, फक्त टोक काळं, आणि गाळणी जाडसर. तो चिखलातले किडे, अळ्या, बारीक कवचधारी जीव टिपतो. एकाच चिखलात दोन पंगती, आणि एकाचं ताट दुसऱ्याला फारसं चालत नाही. पुस्तकात याला संसाधनांची वाटणी (रिसोर्स पार्टिशनिंग) म्हणतात, व्याख्या दीड ओळीची असते. ती पाठ कर, परीक्षेपुरती.

आता पुढचा प्रश्न: एवढ्या घाण खाडीत हे पक्षी येतात कशाला? शहराच्या सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो, त्यावर शेवाळ पोसतं, म्हणून लहान फ्लेमिंगोंचं इथे फावतं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. हे ऐकलं की माणूस लगेच विचारतो, म्हणजे सांडपाणी चांगलं की काय? इथे थांबायला शीक. चांगलं कुणासाठी, किती प्रमाणात आणि किती दिवस, हे विचारल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही. तेच नायट्रोजन-फॉस्फरस अती झालं की शेवाळ माजतं, मरतं, कुजतं. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. शेवाळ खाणाऱ्याची दिवाळी असते तेव्हा खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याच्या घरी शिमगा असू शकतो.

याहून अवघड गोष्ट तिवरांची, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडांची, आहे आणि मला ती जास्त आवडते. खाडीचं हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला. अभयारण्याचं क्षेत्र साधारण १६९० हेक्टर. त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक कांदळवन (खारफुटीचं जंगल), उरलेलं पाणी आणि उघडा चिखल. खाडीत गाळ साचतो. गाळ पुरेसा उंच झाला की तिवराची रोपं त्यावर रुजतात, त्यांची चिखलातून वर आलेली वितभर श्वसनमुळं आणखी गाळ अडवतात, मग आणखी तिवर. फ्लेमिंगोला मात्र मोकळा चिखल लागतो, झाडीत तो चरत नाही. म्हणजे ‘कांदळवन वाचवा’ आणि ‘फ्लेमिंगो वाचवा’ या दोन्ही पाट्या बरोबर, आणि दोघींचं भांडण एकाच चिखलावरून. कुठली खाली उतरवायची? मला विचारशील तर आधी गाळ कुठून येतो आणि किती येतो ते बघ. पाट्यांचं नंतर ठरवू.

आणि नकाशातल्या हद्दीवर फार विसंबू नकोस. भरतीला चिखल बुडाला की हेच पक्षी नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर जाऊन उभे राहतात आणि ओहोटीला परततात. त्या जागा बऱ्याचशा अभयारण्याबाहेर. पक्ष्याचं घर दोन ठिकाणी आहे, कागदावर मात्र एकच.

जिवांना जोडणारा धागा किती लांब जातो याचं उदाहरण हवं असेल तर मलबार हिलवरच्या डुंगरवाडीचं, पारशांच्या अंत्यविधीच्या जागेचं, घे. मृतदेह उघड्यावर ठेवायचे आणि गिधाडांनी ते खायचे, अशी त्यांची रीत होती. १९९०च्या दशकात देशभर गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली आणि कारण लक्षात येईना. २००४ मध्ये उलगडा छापून आला: गुरांना देत ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. तोटा दहा वर्षांत झाला म्हणून भरपाई दहा वर्षांत होत नाही. डुंगरवाडीत मृतदेह सुकवायला सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. गुरांच्या डॉक्टरची पिशवी अन्नसाखळीच्या कुठल्या चित्रात काढलेली असते, सांग बरं?

दहा टक्क्यांच्या नियमाबद्दलही विचारलंयस. जवळा, जवळा खाणारा बोंबील, बोंबील खाणारे आपण: दर पायरीला बरीचशी ऊर्जा श्वसनात आणि उष्णतेत जाते, थोडीच, नियमाप्रमाणे दहा टक्के, पुढे सरकते. १९४२ मध्ये लिंडमन या अमेरिकन परिसंस्था-अभ्यासकाने मांडलेल्या विचारातून तो आकडा रूढ झाला. ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे, त्यावर शपथ घेऊ नकोस.

आता कामाचं. भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच निघ. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिखल दूरवर उघडा पडतो, अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीला, कमी. दोन्ही दिवस बघ. वहीत नुसता आकडा नको: वेळ, पाणी चढतंय की उतरतंय, पक्षी चरतोय की उभा आहे, आणि काहीच दिसलं नाही तर ‘शून्य’ असं लिहायचं. शून्य न लिहिणाऱ्यांच्या वह्या मी फार पाहिल्या, त्यातून काही निघत नाही. कंटाळा आला तर तिवराच्या मुळांपाशी निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, बघ. डोकं वर काढून बसलेली निवटी दुसरी जवळ आली की पाठीचा पर ताठ उभारते. ती किती जागा राखते, ते मुळं मोजून काढता येतं.

चिखलात एकटा उतरू नकोस, मांडीपर्यंत पाय जातो. तिथल्या कोळ्यांना विचार, ते वाट दाखवतील. आणि त्यांनी सांगितलेलं वहीत वेगळ्या शाईने लिही, स्वतःच्या नोंदीत मिसळू नकोस. मे संपायच्या आत वही घेऊन ये.