क्लिकरने अंगावर जाणारा कुत्रा शांत होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा अडीच वर्षांचा कुत्रा रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की पट्टा ताणून झेपावतो. गेल्या महिन्यात दारात आलेल्या डिलिव्हरीवाल्या मुलाला त्याने दात लावले. घरातले म्हणतात, दोन फटके द्या म्हणजे सुधारेल. तुम्ही क्लिकर, म्हणजे बटण दाबलं की ‘टिक’ वाजणारी मुठीत मावणारी डबी, आणलात, कुत्रा भुंकत असताना वाजवून पाहिलात, काहीच फरक पडला नाही. तेव्हा याचा खरंच उपयोग होतो का, असा तुमचा प्रश्न आहे.

होतो. माझ्या घरात झाला आहे. पण क्लिकर वाजला की कुत्रा गप्प बसेल अशी तुमची अपेक्षा दिसते, आणि गडबड तिथेच झाली आहे. त्या ‘टिक’ला स्वतःचा काहीच अर्थ नसतो. ‘आत्ता या क्षणी जे केलंस ते बरोबर, खाऊ येतोय’ एवढंच त्यातून कळवायचं असतं, आणि तेही कुत्र्याला आधी शिकवावं लागतं.

आमचा तांबू गावठी आहे. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. पाथर्डी फाट्याजवळ पायाला लागलेलं चार-पाच महिन्यांचं पिल्लू मुलाने उचलून आणलं, तोच हा. वर्षाचा होईपर्यंत तो नुसता बुजरा वाटायचा. मग एकेक सुरू झालं. आधी दुसऱ्या कुत्र्यांवर, मग हेल्मेट घातलेल्या माणसांवर, मग जिन्यात समोर येईल त्याच्यावर. सोसायटीत बोलणी खाल्ली. तेव्हा आम्हीही तेच केलं जे आज तुम्हाला सगळे सांगताहेत. एका शिकवणाऱ्याला बोलावलं, त्याने गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि सांगितलं, गुरगुरला की हिसका द्यायचा. पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद झालं. आम्हाला वाटलं, जिंकलो. त्याच महिन्यात माझ्या दिराचा नऊ वर्षांचा मुलगा चेंडू घ्यायला त्याच्याजवळ वाकला आणि तांबूने काहीही आवाज न करता त्याचं मनगट धरलं. दोन दात रुतले. त्या पोराचा चेहरा मी विसरू शकत नाही.

तांबूची भीती जिथल्या तिथे होती. ती आम्हाला कळवायची त्याची सोय मात्र आम्ही हिसके देऊन काढून घेतली होती. म्हणून हात जोडून सांगते, कुत्रा गुरगुरतो त्याबद्दल त्याला शिक्षा करू नका. ‘लांब राहा, मला झेपत नाहीये’ हे तो सभ्यपणे सांगत असतो. गुरगुरण्याच्याही आधी तो बरंच काही सांगतो: ओठ चाटतो, भूक-झोप नसताना जांभई देतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, अंग लाकडासारखं ताठ होतं. हे वाचायला शिकलात तर निम्मं काम तिथेच होईल.

आता पहिली गोष्ट, क्लिकरच्याही आधीची. जनावरांच्या डॉक्टरांकडे नीट तपासून घ्या. तांबूच्या डाव्या कानात आत संसर्ग निघाला. डोक्याकडे हात गेला की तो का उसळायचा, याचं अर्धं कारण ते दुखणं होतं. सांधे, दात, गोचिडताप, काहीही असू शकतं, आणि दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही खाऊ दिला तरी तो चिडकाच राहणार. भीती फारच खोल असेल तर डॉक्टर काही महिने गोळ्याही देतात. त्यात कमीपणा मानू नका, त्याशिवाय काही कुत्र्यांच्या डोक्यात शिकायला जागाच उरत नाही. स्वतःच्या मनाने मात्र कुठलीही गोळी देऊ नका.

ही पद्धत कुठून आली ते थोडं सांगते, कारण घरातल्यांना ‘हे काय नवीन खूळ’ वाटत असणार. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामातून ती निघाली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या केलर आणि मेरियन ब्रेलँड या जोडप्याने १९४०च्या दशकात ती प्राणी शिकवण्यासाठी वापरली. १९६०च्या दशकात कॅरन प्रायर यांनी हवाईमध्ये डॉल्फिन शिकवले, शिट्टी आणि मासा एवढ्यावर. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही, फटकाही देता येत नाही. रागावलात तर तो पोहत दूर निघून जातो. म्हणजे ज्या प्राण्यावर जबरदस्ती चालतच नाही, त्याच्यावर ही पद्धत तावूनसुलाखून निघाली आहे. १९९०च्या दशकात ती शिट्टीऐवजी क्लिकर घेऊन कुत्रे पाळणाऱ्यांमध्ये पसरली.

‘शाब्बास’ म्हटलं तर चालणार नाही का? चालतं. काही प्रयोगांत क्लिकर आणि ठरलेला शब्द यांनी कुत्रे सारख्याच वेगाने शिकले. पण माझा अनुभव सांगते. समोरून कुत्रं आलं की माझा स्वतःचाच आवाज कापायचा, आणि तांबूला तो लगेच कळायचा. क्लिकरचा आवाज मात्र मी घाबरले तरी तोच राहतो. बुजऱ्या कुत्र्याबाबतीत मला हा फार मोठा फायदा वाटतो.

सुरुवात घरात, दार बंद करून. वाटाण्याएवढे दहा-बारा तुकडे घ्या. टिक, लगेच तुकडा. टिक, तुकडा. त्याने काही करायची गरज नाही. दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन मिनिटं पुरे. दोनेक दिवसांत आवाज झाला की तो मान वळवून तुमच्या हाताकडे बघेल, म्हणजे समजलं. तांबू पहिल्याच आवाजाला पलंगाखाली जाऊन बसला होता. मग मी क्लिकर मोज्यात गुंडाळून खिशात धरला, आणि तेही जड गेलं तेव्हा आठवडाभर बॉलपेनचं बटण वापरलं. क्लिकर त्याच्या तोंडासमोर धरून वाजवू नका. आणि एक नियम कधीच मोडायचा नाही: वाजला की खाऊ द्यायचाच, चुकून वाजला तरी.

खाऊ साधा नको. पोळीचा तुकडा घरात चालेल, रस्त्यावर नाही. उकडलेली कलेजी, चिकन, तुमच्याकडे मांसाहार नसेल तर पनीर. आमच्या जिल्ह्याची दोन मोठी पिकं, द्राक्षं आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षं-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आम्ही तांबूला अधूनमधून दिंडोरीकडच्या मळ्यात नेतो, तिथे बागेत घड पडलेले असले की पट्टा हातातून सोडत नाही. कांदा घातलेल्या रश्श्यातलं चिकनही धुऊन देऊ नका, वेगळंच उकडा.

घरात नीट बसलं की दोन गोष्टी शिकवा. नाव घेतलं की तुमच्याकडे बघणं, आणि पुढे केलेल्या तळव्याला नाक लावणं. रस्त्यात अडचण आली की त्याला तिथून वळवून न्यायला दुसरी गोष्ट फार कामाची आहे.

आता मुख्य भाग, ज्यात बहुतेकजण घाई करतात. सगळं अंतरावर आहे. प्रत्येक घाबरट कुत्र्याचं एक अंतर असतं. त्याच्या पलीकडून तो समोरचं कुत्रं बघतो, कान टवकारतो, पण खाऊ घेतो. त्याच्या अलीकडे आला की डोकं बंद होतं, मग कलेजीही दिसत नाही. तुम्ही क्लिकर वाजवलात तो नेमका तेव्हा. मी तांबूला पहाटे साडेपाचला जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला न्यायचे, पण आत नाही. रस्त्याच्या या कडेला, जिथून ट्रॅकवर फिरायला आणलेली कुत्री साठ-सत्तर पावलांवर दिसतील अशा जागी. त्याने कुत्रं पाहिलं, टिक. भुंकायच्या आत. तो खाऊसाठी वळला, दिला. पुन्हा पाहिलं, टिक. पाच-सात मिनिटं, आणि घरी. बस.

शेजारच्या काकूंनी मला विचारलं होतं, अंगावर जातो म्हणून त्याला खायला घालतेस, मग तो जास्तच नाही का जाणार? हा प्रश्न तुमच्याही घरात येईल. विजेला घाबरून आईला बिलगलेल्या पोराला आईने जवळ घेतलं, म्हणून ते पोर विजेला जास्त घाबरायला लागत नाही. भीती कुणी मोबदल्यासाठी करत नाही. आपण कुत्र्याच्या मनातला हिशेब बदलत असतो. आधी ‘कुत्रं दिसलं म्हणजे संकट’ असा होता, तो हळूहळू ‘कुत्रं दिसलं म्हणजे कलेजी’ असा होतो. भीती उतरली की झेपावण्याचं कारणच उरत नाही.

पहिले तीन आठवडे मला काही फरक दिसला नाही, रोज रडू यायचं. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तांबूने पलीकडे लॅब्रेडोर पाहिला आणि मी वाजवायच्या आधीच मान वळवून माझ्याकडे बघितलं. ‘दिसला, आता दे’ असं. तिथून पुढे मी कुत्र्याकडे बघण्याला वाजवणं बंद केलं, माझ्याकडे वळण्याला सुरू केलं. मग अंतर कमी. एका वेळी दोन-तीन पावलं, त्याहून जास्त नाही. ज्या दिवशी खाऊ तोंडात घेतला पण बोटं चावत, ओरबाडून घेतला, त्या दिवशी आपण जास्त जवळ आलोय असं समजून मी मागे फिरायचे. खाऊ नाकारला तर चर्चाच नाही, सरळ घरी.

काही दिवस शिकवायचेच नसतात. गणपतीत आणि पाडव्याच्या मिरवणुकीत आपल्या नाशिक ढोलाचा दणका काचांना जाणवतो, रंगपंचमीला दिवसभर गोंधळ. असं काही झालं की कुत्र्याच्या अंगातला ताण त्याच संध्याकाळी उतरत नाही, एक-दोन दिवस राहतो. सकाळी फटाका, दुपारी गॅसवाला, संध्याकाळी कुत्रं, असं साचत जातं आणि तिसऱ्या गोष्टीवर तो फुटतो. आपल्याला वाटतं, काल तर या कुत्र्याला काही केलं नव्हतं! अशा दिवशी तांबूला गच्चीवर नेऊन नुसते तुकडे गवताच्या पायपुसण्यात लपवून हुंगायला लावते.

तुमच्या डिलिव्हरीवाल्याचं वेगळं बघा. त्याची चूक काहीच नव्हती, त्याच्या जखमेची विचारपूस करा. कुत्र्याला रेबीजची लस असली तरी चावलेली जागा लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. गेल्या महिन्यात तो गेला नसेल तर आज पाठवा. घरात आजपासून एक करा: बेल वाजली की कुत्रा आतल्या खोलीत, दार बंद, मगच मुख्य दार उघडायचं. ही शिक्षा नाही, तिथे त्याला चघळायला काहीतरी द्या. दरम्यान तुमच्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि अगदी हळू लावून, टिक, खाऊ. आवाज आठवडाभरात थोडा थोडा वाढवा. आमच्याकडे बेल वाजली की तांबू आता स्वतःहून आतल्या चटईवर जातो.

एकदा दात लागलेत, तेव्हा बाहेर नेताना तोंडाला जाळी हवीच. कापडी, तोंड आवळून ठेवणारी नको. उन्हात कुत्र्याला धापा टाकता आल्या पाहिजेत. टोपलीसारखी जाळी घ्या, जिच्यातून तो पाणी पितो, खाऊ खातो. तीही क्लिकरनेच शिकवा: जाळीत खाऊ ठेवून नाक आत गेलं की टिक. बांधायची घाई करू नका, आम्हाला दहा दिवस लागले. जाळी घातलेला कुत्रा दिसला की लोक लांबून जातात, आणि तुम्हाला ते अंतर आयतं मिळतं.

तांबू आता साडेचार वर्षांचा आहे. रस्त्याच्या रुंदीएवढ्या अंतरावरून तो कुठल्याही कुत्र्याच्या समोरून शांत जातो. परक्या माणसाने डोक्यावर हात ठेवलेला त्याला आजही चालत नाही, आणि मी तो ठेवू देत नाही. दिराचा मुलगा घरी येतो तेव्हा लांबून तुकडा टाकतो, तांबू शेपूट हलवून घेतो. दोघांनाही तेवढं पुरतं, आम्ही त्यापुढे ओढत नाही.

तुम्ही उद्या क्लिकर घरीच ठेवा. खिशात फक्त कलेजी घ्या, मोकळ्या जागी जा आणि दुसरं कुत्रं किती पावलांवर असताना तुमचा कुत्रा ते बघूनही हातातला तुकडा शांतपणे घेतो, तेवढं मोजा. तो आकडा इथे लिहिलात तर पहिल्या आठवड्यात कुठे उभं राहायचं ते ठरवायला मी मदत करेन.