आईच्या तारणाची तारीख

मिरजेहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते.

"मावशी, सलाम. आई जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. ती मिशन हॉस्पिटलात आयाबाई होती. लहानपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण (मोठेपणी तो विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी), जन्मभर एकच मंडळी, म्हणजे एकच चर्च. आपण ख्रिस्ताकडे कशा आलो याची साक्ष कधी उभं राहून दिली नाही, चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना केली नाही. रात्री मात्र शंभर पानी वहीत लिहिलेली पेशंटांची नावं एकेक करून घ्यायची आणि काहीतरी पुटपुटायची. घरी गेलेल्याच्या नावापुढे फुली, वारलेल्याच्या नावाखाली रेघ. माझा धाकटा भाऊ पुण्यात एका फेलोशिपला, म्हणजे ख्रिस्ती उपासना-गटाला, जातो. तो म्हणतो, आईचं तारण, म्हणजे ख्रिस्तामुळे पापातून सुटका, झालंच नव्हतं. झालं असतं तर ख्रिस्ताला स्वीकारल्याचा दिवस तिला सांगता आला असता. शेवटच्या आठवड्यात आई मला म्हणाली होती, 'देवाला मी नकोशी झाले गं.' ते मी त्याला सांगितल्यापासून तो जास्तच ठाम झालाय. कबरीच्या फरशीवर 'प्रभूमध्ये निजली' असं कोरायला तो तयार नाही. मला झोप लागत नाही. शुगर असूनही आईसाठी दर शुक्रवारी निर्जळी उपास धरते. माझाच विश्वास कमी पडतोय असंही वाटतं. आईचं तारण झालं का, मावशी?"

सलाम, बाळ.

आधी उपासाचं बोलते, कारण तो आजच सोडायला हवा. शुगरच्या गोळ्या चालू असताना निर्जळी राहिलं तर साखर एकदम उतरू शकते, माणूस चक्कर येऊन पडू शकतं. येत्या शुक्रवारी वेळेवर जेव. पुढे कधी उपास धरावासा वाटलाच तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नकोस. ही झाली शरीराची गोष्ट. मला जास्त काळजी आहे ती उपासामागच्या हिशेबाची. आईचं काही कमी पडलं असेल तर ते आपण भरून काढू, असं तुझ्या मनानं घेतलंय. लेकीची माया आहे ती. पण बायबलात इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल काय म्हणतो? तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालेलं आहे, ते देवाचं दान आहे, आणि ते कर्मांनी मिळत नाही, म्हणजे कुणाला बढाई मारायला जागा राहू नये. जे आईनं स्वतःच्या कष्टानं मिळवायचं नव्हतंच, ते तू तिच्यासाठी उपाशी राहून कसं मिळवणार?

याच प्रश्नावरून पंधराशे सतरापासून युरोपातल्या मंडळ्या फुटल्या, रक्तही सांडलं. तरी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही गुणामुळे नाही, केवळ कृपेनं, ख्रिस्तानं केलेल्या तारणावर विश्वास ठेवल्यानं देव आपल्याला स्वीकारतो, असं दोघांनी मिळून कबूल केलं. त्यांचे बाकीचे मतभेद आहेत तसे आहेत. एवढी गोष्ट मात्र दोघांची एक आहे.

तुझ्या भावालाही हे वचन पाठ असणार. "कर्मांनी नाही" हे तो लगेच मान्य करील. त्याची गफलत पुढे होते. तो विश्वासालाच एक कर्म करून टाकतो. विश्वास अमुक इतका हवा, अमुक दिवशी सुरू झालेला हवा, माइकसमोर सांगता यायला हवा. मग कृपा नावापुरती उरते आणि माणूस पुन्हा परीक्षेला बसतं. तू रात्री जागून तीच परीक्षा देते आहेस, आईच्या वतीनं आणि स्वतःच्याही.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं तेव्हा माळ्यावरून, गच्चीवरून होड्यांत उतरवून घेतलेली म्हातारी माणसं आठव. बाहेर काढणाऱ्याचा हात त्यांनी किती जोरात धरला होता हे कुणी विचारलं नाही. थकलेल्या बोटांत जोर असणार कुठून? पकड वरच्या माणसाची होती. विश्वास म्हणजे तो हात धरणं, थरथरत का होईना. मार्कच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. दोन्ही एका दमात. येशूनं त्याला आधी विश्वास वाढवून ये असं सांगून परत पाठवलं नाही, त्याच्या मुलाला बरं केलं. "माझा विश्वास कमी पडतोय" असं तू लिहितेस तेव्हा तू त्या बापाच्या शेजारीच उभी असतेस, आणि ती जागा वाईट नाही.

आता तारखेचं. काहींना तारीख असते, हे खरंच आहे. पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशूचं दर्शन झालं, तिथे ती मिळाली. भाऊ कदाचित पंडिता रमाबाईंचं नाव घेईल, आणि घेऊ दे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त आता मिळाला. इतक्या मोठ्या बाईचा अनुभव आहे, तो हलक्यात घेता येत नाही. पण त्याच पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र उघड. तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौल दिवस सांगत नाही, दोन बायकांची नावं सांगतो: आजी लोईस आणि आई युनीके. विश्वास आधी त्यांच्यात होता, मग याच्यात आला. घरात, मांडीवर बसून. आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याची तारीख कोणती धरायची? मासे धरायची जाळी टाकून येशूच्या मागे निघाला तो दिवस, "तू ख्रिस्त आहेस" म्हणाला तो, की तीनदा नाकारून बाहेर जाऊन रडला तो?

आपल्या रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तरी ते म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणजे त्यांची वाट त्या दिवसाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांच्यामागून यायला आणखी पाच वर्षं लागली. शेवटच्या काळात, १९१७ साली, टिळकांनी साताऱ्यात "देवाचा दरबार" मांडला तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यांना हवे होते. दाराशी तारखा तपासणारा तो माणूस नव्हता. ज्याला तारीख आहे त्यानं देवाचे आभार मानावेत. तिची पट्टी करून दुसऱ्याच्या आईला मोजू नये. हे मी जरा रागानंच लिहिते आहे.

लहानपणीचा बाप्तिस्मा चालतो की समजत्या वयात कबुली देऊनच घ्यायचा, यावर मंडळ्यांत प्रामाणिक मतभेद आहे आणि भावाची फेलोशिप दुसऱ्या बाजूची असेल. असू दे. पण पाणी तारत नाही आणि साक्षही तारत नाही, तारतो ख्रिस्त, हे त्या बाजूचेही लोक मानतात. वधस्तंभावरच्या चोराला ना बाप्तिस्मा मिळाला, ना दशांश द्यायला सवड. "माझी आठवण करा" एवढं तो बोलला आणि "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे ऐकून गेला.

तुझ्या पत्रातली ती वही मी पुन्हा पुन्हा वाचली. आई मोठ्यानं प्रार्थना करत नसे म्हणतेस. अगं, मग ते काय होतं? दिवसभर ज्यांची बेडपॅन काढायची, चादरी बदलायच्या, त्यांचीच नावं रात्री देवापुढे घ्यायची. घरी गेलेल्याला फुली आणि वारलेल्याला रेघ, म्हणजे कोण बरं झालं आणि कोण गेलं, दोन्हींचा पाठपुरावा तिनं देवाकडे केला. याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. तो पौलाच्या उलट बोलतो असं लोकांना वाटतं. पण पौलही इफिसकरांच्या त्या वर सांगितलेल्या वचनानंतर लगेच लिहितो की सत्कर्मं करण्यासाठी आपल्याला निर्माण केलं आहे. झाडाला फळ आलं की मुळं जिवंत आहेत हे उघडच झालं. आईच्या वहीनं तिचं तारण विकत घेतलं नाही. पण तिच्यात विश्वास होता की नव्हता असं कुणी विचारलं, तर मी ती वही पुढे ठेवीन.

राहिलं ते शेवटच्या आठवड्यातलं वाक्य. तेच तुला पोखरतंय. आजाराच्या शेवटाला शरीर थकतं, मन भरकटतं, आयुष्यभर न बोललेली माणसं काहीबाही बोलतात. हे तुझ्या आईनं स्वतः किती खाटांपाशी ऐकलं असेल. पण समजा, ती पूर्ण भानावर होती आणि तिला खरंच तसं वाटलं. बाविसावं स्तोत्र तिथूनच सुरू होतं: माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? येशू वधस्तंभावर तेच शब्द बोलला. देवाच्या पुत्राच्या तोंडी जे शब्द आले, ते आयाबाईच्या तोंडी आले म्हणून ती देवाच्या बाहेर गेली? रोमकरांच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल लिहितो की मरण, जीवन, कुठलीही सृष्ट वस्तू ख्रिस्तातल्या प्रेमापासून आपल्याला वेगळं करू शकत नाही. त्या यादीत शेवटच्या आठवड्यातली भीतीही धर.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. निवाडा देवाचा आहे. मी तो देऊ शकत नाही आणि तुझा भाऊही देऊ शकत नाही. पण मला विचारशील तर, तुझी आई प्रभूच्या हाती आहे या भरवशावर मी शांत झोपेन. तूही झोप.

भावाशी फोनवर वचनांची लढाई नको. तो पुण्यात होता, शेवटचा आठवडा तू काढलास. त्याच्या ठामपणाच्या आत आईला गमावल्याची भीती असेल अशी मला शंका आहे. "आईची तुला काळजी वाटते का रे?" एवढंच विचार आणि तो बोलेल ते ऐकून घे. वर्षाच्या स्मरण उपासनेला त्याला बोलाव, रोमकरांचा आठवा अध्याय वाचायला त्यालाच सांग.

फरशी मात्र करून घे. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात मेलेल्या विश्वासणाऱ्यांना झोपी गेलेले म्हटलं आहे, तेव्हा "प्रभूमध्ये निजली" ही कबरीवर शोभणारी, मंडळीच्या आशेची ओळ आहे. भावाला आधी सांग, मग कोरायला दे. मागाहून कळलं तर दुखावेल. पाळकांना सोबत ने. आणि आईचं नाव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि ती ओळ कागदावर ठळक अक्षरांत लिहून दे. कोरणारे कारागीर जोडाक्षरात हमखास चुकतात, आणि दगडावरचं मग खोडता येत नाही.