व्हार्सिटी नाही मिळाली तर क्लबचे पैसे पाण्यात गेले का?

डॅलसहून एका ताईंनी विचारलंय. लेक दहावीत, उंची पाच फूट पाच, व्हॉलीबॉलमध्ये लिबेरो खेळते, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणारी. ज्युनियर क्लबची फी, विमानाची तिकिटं, हॉटेलं असं करत वर्षाला हजारो डॉलर जातायत, आणि घरात रोजचा वाद हा की कॉलेजात व्हार्सिटी, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत टीममध्ये घेतलं नाही तर नुसतं क्लब खेळून काय उपयोग, ते म्हणजे दुधाची तहान ताकावर. धाकटा मुलगाही आता व्हॉलीबॉलला लागलाय.

ताई, आधी एक गोंधळ मिटवू, तो बहुतेक घरांत असतो. लेक आत्ता जो क्लब खेळते त्याचा कॉलेजातल्या क्लबशी काही संबंध नाही. आत्ताच्या क्लबच्या टूर्नामेंटना कॉलेजचे कोच वही घेऊन बसलेले असतात, मुली हेरायला. कॉलेजातला क्लब मात्र पोरं स्वतः चालवतात, प्रेसिडेंट, ट्रेझरर सगळी विद्यार्थीच, युनिव्हर्सिटी थोडेफार पैसे देते, बाकी वर्गणी. तिथे स्कॉलरशिप नाही, रिक्रूटिंग नाही, सेमिस्टर सुरू झालं की ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, चांगली खेळली तर आत.

आता पैशाचं, कारण खरं भांडण तेच आहे. डिव्हिजन वन म्हणजे कॉलेजच्या खेळातला सगळ्यात वरचा गट, तिथल्या मुलींच्या टीमला पूर्वी १२ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या पूर्ण असायच्या. खेळाडूंच्या पैशांवरून झालेल्या २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांच्यासाठी टीम जास्तीत जास्त १८ जणींची, आणि त्या अठराही जणींना पैसे देता येतात, पण देता येतात म्हणजे देतातच असं नाही, आणि आता ते वाटून तुकड्यातुकड्यानेही देता येतात. त्यात कोच लोक ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दोन वर्षं कॉलेज खेळून तयार झालेली मुलगी उचलतात, नाहीतर युरोपातून आणतात, मग हायस्कूलच्या मुलीसाठी जागा किती उरणार. लिबेरोला उंची आड येत नाही हे खरं, पण एका टीमला लिबेरो आणि बॅक रो धरून अशा दोन-चारच मुली लागतात. डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसरा गट, आणि आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी आठ कॉलेजं, यांत तर खेळाची स्कॉलरशिप नसतेच. त्यामुळे स्पष्ट सांगते, भरलेली फी स्कॉलरशिपमधून वसूल होईल हा हिशोब आजच डोक्यातून काढा. पोरीला खेळायला आवडतं म्हणून भरली, खेळली, झालं.

व्हिसाचंही बघा, हे गोरे कोच सांगत नाहीत कारण त्यांना माहीतच नसतं. लेक एच-फोरवर, म्हणजे आईबाबांच्या एच-वन-बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल तर कॉलेजकडून स्कॉलरशिप घेता येते, पण हल्ली खेळाडूंना जाहिरातींचे, नावाचे जे पैसे मिळतात ते कामात मोडू शकतात आणि एच-फोरवरच्या मुलांना काम करायची परवानगी नसते, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरही फार बंधनं आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय एका रुपयालाही हात लावू नका. केंद्र सरकारची फायनान्शियल एडही एच-फोरला नाही. आणि मधेच पुण्याहून तिकडे गेला असाल तर नववीपासूनच्या इकडच्या शाळेच्या मार्कशीट एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, एलिजिबिलिटी सेंटरला लागतात, त्या आत्ताच मागवून ठेवा, शाळेचा क्लार्क ऐन वेळी सापडत नाही. डिव्हिजन वनला १६ कोअर कोर्स, म्हणजे इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय, आणि त्यात २.३ जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड, लागतो. आपल्या पोरांना २.३ चं टेन्शन नसतं, पण कोणता कोर्स कोअर धरला जातो ते काउन्सेलरकडून लिहून घ्या.

आता व्हार्सिटी म्हणजे नेमकं काय ते ऐका. मुलींचा सीझन ऑगस्ट ते डिसेंबर, म्हणजे बाकीची पोरं अजून घरी गणपतीची आरास करत असतात तेव्हा हिची दोन वेळची प्रॅक्टिस सुरू झालेली असते. नियम म्हणतो सीझनमध्ये आठवड्याला २० तास, पण मॅचचा अख्खा दिवस त्यात तीनच तास धरतात, आणि प्रवास, फिजिओ हे त्या हिशोबात येतच नाही. २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी, वॉशिंग्टन, ओरेगन बिग टेन या लीगमध्ये आले तेव्हापासून तिथल्या मुली लीगच्या मॅचसाठी लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीपर्यंत उडतात. केमिस्ट्रीचं लॅब दुपारी आणि प्रॅक्टिसही दुपारी, मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलायची वेळ येते किंवा लॅब पुढच्या सेमिस्टरला. हे वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, ज्या मुलीला हेच हवंय तिच्यासाठी यासारखं दुसरं काही नाही. नेब्रास्कात ३० ऑगस्ट २०२३ ला मुलींची व्हॉलीबॉल मॅच बघायला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ९२,००३ लोक आले होते हो! पण ती नोकरी आहे, आणि कोच बदलला, गुडघा गेला तरी त्याच कॉलेजात चार वर्षं काढायची तयारी हवी. खेळ वजा केला तर हे कॉलेज आवडेल का हे लेकीला विचारा, आणि उत्तर तिचं येऊ द्या, बाबांचं नको.

मधला रस्ता डिव्हिजन थ्री, आणि अभ्यासू घरांनी तो आधी बघावा असं माझं मत. एमआयटी, शिकागो युनिव्हर्सिटी, एमरी, जॉन्स हॉपकिन्स या सगळ्या डिव्हिजन थ्री आहेत. हॉपकिन्सच्या मुली २०१९ मध्ये एकही मॅच न हरता चॅम्पियन झाल्या. कोचला मुलगी हवी असेल तर तो अॅडमिशन ऑफिसकडे शब्द टाकू शकतो, आणि अशा कॉलेजात ते काही थोडं नाही.

मुलाचं गणित वेगळं. मुलांची व्हार्सिटी टीम फार थोड्या कॉलेजांत आहे. मिशिगन, टेक्सास, विस्कॉन्सिन, बर्कली एवढी मोठी नावं, पण मुलांची व्हॉलीबॉल व्हार्सिटी नाही. मग चांगली खेळणारी पोरं जातात कुठे? तिथल्या क्लबमध्ये. त्यामुळे मुलांचा वरचा क्लब म्हणजे पिकनिकचा व्हॉलीबॉल नव्हे, ट्रायआउटला पोरं घरी परत जातात. बाबा गावाकडे शूटिंग व्हॉलीबॉल गाजवून आलेले असले तरी त्यांनी एकदा जाऊन बघावंच.

क्लबचा शनिवार कसा असतो सांगते. सकाळी सातला पोरं भाड्याच्या व्हॅनमधून उतरतात, पोल आणि नेट स्वतः लावतात, दिवसभरात तीन-चार मॅच. आपली मॅच नसेल तेव्हा दुसऱ्यांच्या मॅचला लाइनवर झेंडा घेऊन उभं राहायचं नाहीतर स्कोअरशीट लिहायची, एका हातात झेंडा आणि दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं बेगल. रात्री हॉटेलच्या एका खोलीत इतकी जण की कोणीतरी गादी खाली ओढतंच. बजेट पोरांनीच केलेलं, बुकिंग पोरांनीच, भांडणंही पोरांनीच मिटवायची. एप्रिलमध्ये देशभरच्या क्लबची नॅशनल्स होते, तिथे वरच्या डिव्हिजनचा खेळ बघितलात तर ताकाचं नावही काढणार नाही. आणि परीक्षा आली तर प्रॅक्टिस चुकवता येते, कोणी स्कॉलरशिप काढून घेत नाही.

तर ताई, पुढे काय. दहावी संपल्यावर १५ जूनपासून डिव्हिजन वनचे कोच मुलींशी बोलू शकतात, १ ऑगस्टपासून ऑफिशियल व्हिजिट, म्हणजे कॉलेजच्या खर्चाने कॅम्पस बघायला जाणं. त्याआधी येणाऱ्या कॅम्पच्या ईमेलवर हुरळून जाऊ नका, ते शेकडो जणींना जातात आणि कॅम्पला फी असते. कोच स्वतः फोन करतो, ट्रान्स्क्रिप्ट मागतो, तुझ्या वर्षाला मला लिबेरो लागणार आहे असं म्हणतो, तेव्हा खरं समजा. ईमेल लेकीने स्वतः लिहायची, आईच्या नावाने आलेल्या ईमेल कोचना आवडत नाहीत. तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, त्यात सर्व्ह रिसीव्ह आणि डिग (म्हणजे समोरचा स्मॅश उचलणं) आधी, सोबत एक अख्खी मॅच न कापलेली, जर्सी नंबर, जीपीए, येत्या टूर्नामेंटचं कोर्ट आणि वेळ. हजारो डॉलर घेऊन प्लेसमेंट करून देतो म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

आणि कॅम्पस बघायला जाल तेव्हा व्हार्सिटीच्या चकचकीत जिमसोबत क्लबच्या पोरांनाही भेटा. वर्गणी किती, कोच कोण, दोन टीम आहेत का एक, आणि पाय मुरगळला तर ट्रेनर असतो का हे विचारा. बऱ्याच ठिकाणी क्लबच्या दुखापतीचा खर्च आपल्याच विम्यातून जातो, त्यामुळे दुसऱ्या राज्यातलं कॉलेज असेल तर तुमचा प्लॅन तिथे चालतो का ते आधी बघून घ्या.